आय विल ऑल्वेज लव्ह यू

अमेरिकन गायिका आणि गीतकार डॉली पार्टन यांनी १९७३ साली लिहिलेले व स्वतःच चाल लावलेले इंग्रजी गाणे. शीर्षकाचा अर्थ ‘माझं तुझ्यावर कायम प्रेम राहील’ असा. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण गाण्यांतून घडलेल्या ‘कंट्री’ या प्रकारात ते जन्मले आणि १९७४ साली प्रसिद्ध झाले. जगाच्या कानाकोपऱ्यात ते पोहोचले १९९२ साली, अमेरिकन पॉप गायिका व्हिटनी ह्यूस्टन यांनी ‘द बॉडीगार्ड’ या चित्रपटासाठी गायले तेव्हा. प्रेमगीत म्हणून त्याची ख्याती असली तरी मुळात हे निरोपाचे गाणे आहे. ते कुणी कसे गायले आणि लोकांनी त्यात काय ऐकले, हे समजून घ्यायचे तर त्या निरोपापासूनच सुरुवात करावी लागते.

पार्टन टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागातल्या. बारा भावंडांच्या गरीब घरात त्या वाढल्या. १९६७ पासून त्या पोर्टर वॅगनर यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गाऊ लागल्या. वॅगनर हे तेव्हा कंट्री संगीतातले बडे प्रस्थ होते आणि त्यांच्या कार्यक्रमामुळेच पार्टन घराघरांत पोहोचल्या. पण काही वर्षांनी त्यांना स्वतःची वाट हवीशी झाली आणि वॅगनर सोडायला तयार होईनात. रोजचे वाद सुरू झाले. बोलून काही ऐकले जात नाही, असे दिसल्यावर पार्टन यांनी घरी बसून गाणे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी वॅगनर यांच्या कार्यालयात जाऊन त्यांना समोर बसवून गाऊन दाखवले. वॅगनर रडले. या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची निर्मिती मला करू देणार असशील तर जा, असे म्हणाले. ही हकिगत पार्टन यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. या गाण्याचा स्वभाव त्या ‘येते’चा आहे. मी थांबले तर तुझ्या वाटेत येत राहीन, म्हणून निघते. तुला आयुष्यात सगळे मिळो, आणि त्याहून जास्त प्रेम मिळो, एवढेच त्यात म्हटले आहे. कुठेही दोष दिलेला नाही. प्रत्यक्षात मात्र ही ताटातूट इतकी गोड झाली नाही. १९७९ साली वॅगनर यांनी पार्टन यांच्यावर ३० लाख डॉलरचा दावा लावला आणि तो शेवटी न्यायालयाबाहेर मिटला.

मूळ ध्वनिमुद्रण जून १९७३ मध्ये टेनेसीतल्याच नॅशव्हिल शहराच्या ‘आरसीए स्टुडिओ बी’मध्ये झाले. ते जेमतेम तीन मिनिटांचे आहे. वाद्ये मागे, आवाज पुढे, आणि तोही जपून लावलेला, जवळ बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतकाच. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या कडव्यापाशी पार्टन गाणे थांबवतात आणि शुभेच्छांचे ते कडवे नुसते बोलतात. गळा दाटून आल्यावर माणसाचा सूर सुटतो आणि शब्द तेवढे उरतात, तसे ते वाटते. १९७४ च्या जूनमध्ये गाणे अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आले. १९८२ साली पार्टन यांनी एका संगीतप्रधान चित्रपटासाठी ते नव्याने गायले आणि ते पुन्हा त्याच यादीत पहिले आले. एकाच कलावंताने एकच गाणे दोनदा या जागी नेण्याचा हा पहिलाच प्रसंग. १९९५ साली कंट्री गायक व्हिन्स गिल यांच्यासोबतचे युगुलगीतही कंट्री यादीत १५ व्या क्रमांकापर्यंत गेले.

मधल्या काळात रॉक अँड रोलचे विख्यात गायक एल्व्हिस प्रेस्ली यांना हे गाणे गायचे होते. पार्टन यांना आकाश ठेंगणे झाले. पण ध्वनिमुद्रणाची तयारी झाल्यावर प्रेस्ली यांचे व्यवस्थापक कर्नल टॉम पार्कर यांनी अट घातली: गाण्याच्या प्रकाशन हक्कातला अर्धा वाटा द्यावा लागेल. प्रेस्ली जे गाणे गातील त्यात वाटा घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ताच होता. पार्टन यांनी नकार दिला आणि रात्रभर रडल्या. गाण्याचे शब्द व चाल यांचे हक्क ज्याच्याकडे असतात, त्याला दुसऱ्या कुणीही ते गायले तरी मोबदला मिळतो. हे वर्म त्या तरुण वयातच ओळखून होत्या, आणि या गाण्याच्या पुढच्या साऱ्या इतिहासात त्या एका नकाराइतके मोलाचे दुसरे काही नाही.

१९७५ साली अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅट यांनी आपल्या अल्बमसाठी हे गाणे गायले, पण शेवटचे कडवे वगळून. त्यातून पुढे एक घोळ झाला. ‘द बॉडीगार्ड’साठी आधी गायक जिमी रफिन यांचे एक जुने गाणे ठरले होते. ते दुसऱ्या चित्रपटात वापरले गेल्याचे कळल्यावर नायक आणि सहनिर्माता केव्हिन कॉस्टनर यांनी पार्टन यांचे हे गाणे सुचवले. संगीत निर्माते डेव्हिड फॉस्टर यांच्या हाती रॉनस्टॅट यांची ध्वनिमुद्रिका लागली आणि त्यांनी तीच आधाराला धरली. फोनवर बोलताना पार्टन यांच्या ध्यानात आले की यात शेवटचे कडवे नाही. त्यांनी ते फोनवरच सांगितले, फॉस्टर यांनी उतरवून घेतले. ते कडवे गळले असते तर गाणे विरहाचे रडगाणे झाले असते. जाणारी व्यक्ती मागे राहणाऱ्याला आशीर्वाद देते, तो याच कडव्यात.

ह्यूस्टन यांच्या गाण्यातली सर्वांत धाडसी जागा पहिलीच आहे. सुमारे पाऊण मिनिट एकही वाद्य नाही, नुसता आवाज. ही सुरुवात कॉस्टनर यांच्या आग्रहाची. बिनवाद्यांचे गाणे रेडिओवाले लावणार नाहीत, अशी इतरांना धास्ती होती. सूर धरून ठेवणारे वाद्य मागे नसताना गायिका प्रत्येक शब्दानंतर थांबते, श्वास घेते, पुढचा शब्द उचलते. न्यूअर्क शहरातल्या न्यू होप बॅप्टिस्ट चर्चमध्ये लहानपणापासून गात आलेला हा गळा आहे. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या हरकती आणि मुरक्या चर्चच्या भजनपरंपरेतल्या, पॉपच्या चलनातल्या नव्हेत. मग हळूहळू वाद्ये येतात, कर्क व्हेलम यांचा सॅक्सोफोन वाजतो. त्यानंतर सगळे थांबते. क्षणभर पूर्ण शांतता. ड्रमचा एकच ठोका पडतो आणि आवाज वरच्या पट्टीत उसळून येतो. पेटीवर पाहायचे तर पांढरी सहामधून थेट पांढरी सात. गाणे शेकडो वेळा ऐकलेला माणूससुद्धा त्या शांततेत श्वास रोखून धरतो. दमसास, सुराचा नेमकेपणा आणि पूर्ण ताकदीने गातानाही शब्द स्पष्ट ठेवणे या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र दिसतात.

नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेले हे गाणे अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तो त्या वेळचा विक्रम होता. ब्रिटनमध्ये ते १० आठवडे अग्रस्थानी होते. १९९४ च्या ग्रॅमी समारंभात त्याला ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’ आणि सर्वोत्कृष्ट पॉप गायिकेचा पुरस्कार मिळाला, तर चित्रपटाच्या संगीताला ‘अल्बम ऑफ द इयर’. २०२० साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे ध्वनिमुद्रण राष्ट्रीय ठेव्याच्या यादीत घेतले.

खुद्द पार्टन यांनी ते पहिल्यांदा ऐकले गाडी चालवताना, रेडिओवर. पहिल्या ओळी ओळखीच्या वाटल्या, पण हे आपलेच गाणे आहे हे पटेना. धृपद आले तेव्हा अपघात होईल या भीतीने त्यांनी गाडी बाजूला घेतली.

कुठले गाणे श्रेष्ठ, हा वाद तेव्हापासून चालू आहे. ह्यूस्टन यांनी साध्या निरोपाचा डोंगर केला, असे मूळ गाण्याचे चाहते म्हणतात. काही समीक्षकांनीही तेच म्हटले. नाट्यसंगीताच्या मैफलीत एकच पद पिढ्यान्‌पिढ्या निरनिराळ्या गळ्यांतून ऐकत आलेल्या मराठी श्रोत्याला अशी निवड करण्याची गरज वाटू नये. पार्टन एका खोलीत एका माणसाला सांगतात. ह्यूस्टन यांच्यासमोर तो माणूस निघून गेलेला आहे, म्हणून त्यांना आवाज दूरवर पोहोचवावा लागतो. शब्द तेच, ऐकणारा बदललेला. खरा गैरसमज निराळाच आहे: अनेक देशांत हे गाणे लग्नात वाजते. धृपद एवढे मोठे आहे की कडव्यांकडे लक्षच जात नाही. लग्न लागल्यावर नवरा-नवरीने ‘मी निघते, सुखी राहा’ या गाण्यावर नाचावे, याची हळहळ वाटते. मात्र त्या धृपदात नाते जपण्याचे वचनही आहे, हेही खरे. २००२ साली इराकमध्ये सद्दाम हुसेन यांच्या सार्वमताच्या प्रचारातही ते वापरले गेले.

११ फेब्रुवारी २०१२ रोजी ह्यूस्टन यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी ग्रॅमी समारंभात गायिका जेनिफर हडसन यांनी हे गाणे गाऊन श्रद्धांजली वाहिली. १८ तारखेला न्यूअर्कच्या त्याच न्यू होप चर्चमध्ये अंत्यविधी झाला. कॉस्टनर तिथे बोलले. शवपेटी खांद्यावर घेऊन लोक बाहेर निघाले, तेव्हा ह्यूस्टन यांच्याच आवाजात हे गाणे चर्चमध्ये वाजत होते. त्या महिन्यात गाणे पुन्हा ‘हॉट १००’मध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. १९९२ साली जन्मलेली मुलेही ते विकत घेत होती.

ह्यूस्टन यांच्या गाण्यातून मिळालेल्या पैशांतून पार्टन यांनी नॅशव्हिलच्या एका कृष्णवर्णीय वस्तीत इमारती घेतल्या. हे व्हिटनीने बांधलेले घर आहे, असे त्या म्हणतात.

वॅगनर यांच्याशी असलेला दुरावाही कालांतराने मिटला. मे २००७ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या मानाच्या कार्यक्रमाच्या रंगमंचावर वॅगनर यांच्या सदस्यत्वाची ५० वर्षे साजरी झाली. पार्टन आल्या, आणि ज्या माणसासाठी गाणे लिहिले होते त्याच्यासमोर उभे राहून त्यांनी ते पुन्हा म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॅगनर गेले.