कतरिना आणि न्यू ऑर्लिन्सचा जॅझ

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना किनाऱ्यावर धडकले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला. शहर बुडाले ते प्रामुख्याने पूरबांध आणि कालव्यांच्या भिंती फुटल्यामुळे. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट व लंडन अव्हेन्यू कालव्यांच्या भिंती तर पाणी माथ्यावरून जाण्याआधीच ढासळल्या. इथल्या जॅझने या आपत्तीला दिलेल्या उत्तरात शोकाइतकाच संताप आहे, तो या मानवी चुकीमुळे.

शोकाचा साचा शहराकडे पूर्वीपासून होता : जॅझ अंत्ययात्रा. दफनभूमीकडे जाताना ब्रास बँड संथ लयीत भक्तिगीते वाजवतो. स्नेअर ड्रमच्या तळाच्या तारा सैल सोडतात. त्यामुळे ताशासारखी तडतड जाऊन आवाज दबका, घुमा येतो. पुढे ग्रँड मार्शल, म्हणजे यात्रेचा म्होरक्या, टोपी छातीशी धरून सावकाश पावले टाकतो. दफन झाले, किंवा शववाहिका यात्रेपासून वेगळी झाली, की ‘देह मोकळा केला’ असे म्हणतात. मग तारा पुन्हा कसल्या जातात, ट्रम्पेट इशारा देतो आणि लय चढते. मागून नाचत येणारा जमाव म्हणजे सेकंड लाइन. देह मोकळा होण्याआधीच लय वाढवली, तर जाणकारांना तो मृताचा अवमान वाटतो. कतरिनानंतर ऑक्टोबर २००५ मध्ये प्रसिद्ध बल्लवाचार्य ऑस्टिन लेस्ली यांच्यासाठी अशी यात्रा निघाली, तेव्हा शहराचे बरेच रहिवासी अजून परगावीच होते.

वाद्यांचेही हाल झाले. पुराच्या मचूळ पाण्यात ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह गंजून अडकतात. क्लॅरिनेट, सॅक्सोफोनच्या गाद्या फुगल्या की छिद्रे नीट झाकली जात नाहीत आणि सूर फुटतो. गाद्या बदलता येतात; भिजून वाळताना तडकलेले लाकूड मात्र सहसा पूर्ववत होत नाही. क्लॅरिनेटवादक डॉ. मायकल व्हाइट यांचा जुन्या वाद्यांचा आणि स्वरलिपींचा संग्रह असाच गेला.

ध्वनिमुद्रित कृतींत सर्वांत वजनदार म्हणजे याच शहरात जन्मलेले ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्ड यांची ‘अ टेल ऑफ गॉड्स विल’ (२००७). दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या कतरिनावरील माहितीपटासाठी ब्लँचर्ड यांनी केलेले संगीत इथे पाच वादकांचे पंचक आणि तंतुवाद्यवृंदासाठी विस्तारले आहे. ‘लेव्हीज’ (पूरबांध) या भागात तंतुवाद्ये साचलेल्या पाण्यासारखी पसरतात आणि त्यांवर ट्रम्पेट मदतीची हाक मारावी तसा चढतो. कृतीत ‘भुते’ म्हणवणारे छोटे भाग येतात : गुलाम आफ्रिकी लोक रविवारी जमत तो शहरातला काँगो स्क्वेअर, १९२७ चा मिसिसिपीचा महापूर आणि १९६५ चे बेट्सी वादळ. म्हणजे पाण्याचा हा घाला पहिला नव्हे. तालवाद्यांत तबलाही आहे. विशेष म्हणजे ‘फ्यूनरल डर्ज’ (अंत्ययात्रेचे शोकगीत) संपल्यावर सेकंड लाइन येत नाही. येतो तो ‘डिअर मॉम’, घर गमावलेल्या ब्लँचर्ड यांच्या आईसाठी. हे अडवून धरणे मुद्दाम केलेले वाटते, आणि ते योग्यच आहे. या कृतीला २००८ मध्ये ग्रॅमी हा संगीत पुरस्कार मिळाला.

ब्रास बँड गल्लीत राहणाऱ्या वादकांवर चालतो. वादक परतले नाहीत तर यात्राही निघत नाही. म्हणून याच शहरातले संगीतकार हॅरी कॉनिक ज्युनियर आणि ब्रॅनफर्ड मार्सालिस यांच्या पुढाकाराने ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या घरे बांधणाऱ्या सेवाभावी संस्थेने शहराच्या अप्पर नाइन्थ वॉर्ड भागात ‘म्युझिशियन्स व्हिलेज’ ही ७२ घरांची वसाहत उभारली. ब्रॅनफर्ड यांचे पियानोवादक वडील एलिस मार्सालिस यांच्या नावाचे तिथले संगीत केंद्र २०११ मध्ये सुरू झाले.