सोनेरी ड्रिलवरचे तीन मायक्रॉन

हार्डवेअरच्या दुकानात काळ्या ड्रिलच्या शेजारी सोनेरी ड्रिल टांगलेलं असतं आणि त्याचा भावही थोडा चढा असतो. तो सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा. त्याची जाडी २ ते ४ मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढी. विकर्स मापात त्याचा कठीणपणा २३००च्या आसपास भरतो. खालचं हाय स्पीड स्टील, म्हणजे ड्रिल ज्याचं बनतं ते पोलाद, ८५०-९००वर थांबतं.

मात्र ड्रिल जास्त टिकतं ते केवळ या आकड्यामुळे नाही. स्टील कापताना धारेशी तापमान कित्येकशे अंशांवर जातं आणि कापला जाणारा धातू धारेलाच चिकटू पाहतो. हा चिकटलेला गोळा सुटताना धारेचा कणही सोबत घेऊन जातो. नायट्राइड सिरॅमिक जातीचं. तापलेल्या लोखंडाशी त्याची सहजासहजी सोयरीक जुळत नाही. चिप, म्हणजे कापून निघालेला धातूचा तुकडा, त्याच्यावरून घसरून जाते आणि बरीचशी उष्णताही आपल्याबरोबर घेऊन जाते.

असा थर देण्याची जुनी औद्योगिक रीत रासायनिक आहे. १९६९ मध्ये स्वीडनच्या सँडविक कंपनीने टायटॅनियम कार्बाइडचा थर दिलेले इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायचे कापणारे सुटे तुकडे, बाजारात आणले, ते याच मार्गाने. बंद भट्टीत इन्सर्ट मांडायचे, तापमान ९००ते १०५० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचं आणि त्यावरून वायू खेळवायचे. टायटॅनियम नायट्राइड हवं असेल तर टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ, नायट्रोजन आणि हायड्रोजन. तापलेल्या पृष्ठभागावरच त्यांची प्रक्रिया होते, नायट्राइड जागच्या जागी बसतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो. हा वायू पाण्याशी गाठ पडली की हायड्रोक्लोरिक आम्ल होतो, त्यामुळे तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून धुऊनच सोडावा लागतो. या रीतीचा मोठा गुण असा की वायू कोनाकोपऱ्यात, भोकाच्या आतसुद्धा पोचतो. थरही जाड देता येतो, ५ ते २० मायक्रॉन.

अडचण तापमानाची आहे. हाय स्पीड स्टीलला त्याचं टेंपरिंग (हार्डनिंगनंतर पुन्हा बेताने तापवणं) ५५० अंशांच्या आसपास करून कठीणपणा दिलेला असतो. त्याला हजार अंशांत तासन्‌तास ठेवून सावकाश थंड केलं तर तो कठीणपणा जातो आणि पुन्हा हार्डनिंग करताना मापं हलतात. इन्सर्ट ज्याचे असतात ते कोबाल्टने सांधलेलं टंगस्टन कार्बाइड हे तापमान सोसतं, पण तेही फुकटात नाही. सुरुवातीला थर तयार होताना टायटॅनियम खालच्या कार्बाइडमधला कार्बन ओढून घेतं. मग सीमेवर टंगस्टन, कोबाल्ट आणि कार्बनची एक ठिसूळ अवस्था तयार होते, तिला इटा अवस्था म्हणतात. ती जाड झाली की धारेचे टवके उडतात. शिवाय थंड होताना थर कार्बाइडपेक्षा जास्त आकसतो, त्यामुळे तो ताणाखाली येऊन त्यात बारीक भेगा पडतात. म्हणून अशा इन्सर्टची धार मुद्दाम किंचित गोलसर केलेली असते. लेथवर स्टील किंवा बीड टर्निंग करायला ते उत्तम, पण पाजळलेली धार लागते तिथे नकोत. अशा इन्सर्टवर खाली टायटॅनियम कार्बोनायट्राइड, मधे अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि वर सोनेरी नायट्राइड असे थर असतात. वरच्या सोनेरी थराचा एक साधा उपयोग म्हणजे कुठली कड वापरून झाली ते ऑपरेटरला नुसत्या नजरेने कळतं.

हाय स्पीड स्टीलसाठी दुसरी वाट लागली: घन धातूचीच वाफ करायची, आणि टूल ५०० अंशांच्या आत ठेवायचं. या भौतिक रीतीचा एक प्रमुख प्रकार, विजेच्या ठिणगीने धातू उडवणारी कॅथोडिक आर्क पद्धत, सोव्हिएत काळात युक्रेनमधल्या खार्किवच्या भौतिक-तांत्रिक संस्थेत पक्व झाला. तिथल्या यंत्रांचं नाव बुलात. १९८०च्या दशकात सोनेरी ड्रिल, टॅप (आटे पाडणारे) आणि हॉब (गिअरचे दाते कापणारे) जगभर दिसू लागले.

हे काम निर्वातात का करावं लागतं? नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी जेमतेम ७० नॅनोमीटर जातो. दाब हजारांश पास्कलपर्यंत उतरवला की तेच अंतर काही मीटर होतं. त्याहून मोठं कारण म्हणजे टायटॅनियमची हाव. समोर दिसेल तो ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ ते खाऊन टाकतं, आणि मग नायट्राइडऐवजी भलतंच काही बसतं.

एक बॅच साधारण अशी जाते. ड्रिल फिक्स्चरमध्ये, म्हणजे धरून ठेवणाऱ्या सांगाड्यात, उभी लावतात. पंप लावून दाब ०.००१ ते ०.००५ पास्कलपर्यंत आणतात आणि हीटरने जॉब, म्हणजे थर द्यायची वस्तू, ४००-४५० अंशांपर्यंत तापवतात. तापताना पृष्ठभागाला चिकटलेलं पाणी आणि उरलंसुरलं तेल सुटतं, दाब वर उडी मारतो. तो पुन्हा खाली बसेपर्यंत थांबायचं असतं. इथे घाई करणारा बॅच घालवतो. मग जॉबला उणे ६०० ते १००० व्होल्ट देऊन त्यावर आर्गॉनचे किंवा टायटॅनियमचेच आयन आदळवतात, म्हणजे ऑक्साइडचा शेवटचा पापुद्राही खरवडला जातो. त्यानंतर व्होल्टेज उणे ५० ते १५०वर आणतात आणि आधी नुसत्या टायटॅनियमचा अगदी पातळ पाया बसवतात. मग नायट्रोजन सोडून दाब १ ते ४ पास्कलवर धरतात. टायटॅनियमच्या कॅथोडवर (विजेच्या ऋण टोकावर) साधारण २० व्होल्ट आणि ६० ते १०० अँपिअरची आर्क पळत असते. तिचा ठिपका काही मायक्रॉनचा, पण तिथे धातू क्षणात उकळून उडतो आणि त्यातला बराचसा भाग आयनांच्या रूपात असतो. आयनांना ऋण विद्युतभार असलेला जॉब ओढून घेतो, म्हणून थर दाट आणि घट्ट बसतो. तीनेक मायक्रॉनला एक-दोन तास लागतात. तापवणं आणि थंड करणं धरून बॅच पाच-सहा तासांची. दोनशे अंशांच्या खाली येण्याआधी दार उघडलं तर रंग बिघडतो, म्हणून शेवटचा तास निव्वळ वाट पाहण्याचा.

आर्कचा एक दोष कायमचा असतो. वाफेबरोबर वितळलेल्या टायटॅनियमचे थेंबही उडतात आणि थरात रुतून बसतात. भिंगाखाली ते मुरमांसारखे दिसतात. ड्रिलला याचं फारसं सोयरसुतक नसतं, पण आरशासारखं पॉलिश लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या मोल्डला ते चालत नाही. तिथे मॅग्नेट्रॉन स्पटरिंग वापरतात. आर्गॉनचे आयन टार्गेटवर, म्हणजे टायटॅनियमच्या पाटावर, आदळून एकेक अणू उडवतात, थेंब जवळपास नसतात, मात्र वेग कमी आणि आयनही कमी.

दुसरी गोष्ट सावलीची. धातूची वाफ बहुतांशी सरळ रेषेत येते. म्हणून फिक्स्चर दुहेरी-तिहेरी फिरतं: टेबल फिरतो, त्यावरचे मनोरे फिरतात, आणि त्यांच्यातलं प्रत्येक ड्रिल स्वतःभोवतीही. तरीही खोल भोकाच्या आत, साधारण व्यासाएवढ्या खोलीपलीकडे, थर पातळ होत जातो. भोकातच घर्षण असेल तर ही रीत निवडूच नये.

हे सगळं असलं तरी थर सुटतो तो बहुधा चेंबरच्या बाहेर झालेल्या चुकीमुळे. कल्हईवाला भांडं आधी घासून काढतो, भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकतो आणि मग कथील फिरवतो. भांडं मळकट असेल तर कथील धरत नाही, त्याचे गोळे होतात. नवसागराची जागा इथे आयन घेतात, पण आयनांची ताकद नॅनोमीटरमध्ये मोजण्याएवढीच. मळ मायक्रॉनमध्ये असेल तर त्यांना तो हटत नाही. म्हणून जॉब क्षारीय द्रावणात अल्ट्रासोनिकने धुतात, खनिजरहित पाण्याने दोन-तीनदा विसळतात आणि गरम हवेने लगेच वाळवतात. पाण्याचा थेंब वाळून डाग पडला तर तोच डाग नंतर सोन्यात उमटतो. सिलिकॉन किंवा मेण असलेलं गंजरोधक तेल सर्वांत त्रासदायक, कारण ते साध्या धुण्याने जात नाही. भोसरी-चाकणच्या टूलरूममधून कोटिंगला जॉब पाठवणाऱ्याने शेवटचा हात कुठल्या तेलाचा मारला ते सोबत लिहून पाठवलं, तर अर्धी भांडणं मिटतील.

ग्राइंडिंगमध्ये जॉब जळला असेल, म्हणजे चाकाखाली निळसर-तपकिरी झाक आली असेल, तर तिथलं स्टील मऊ पडलेलं असतं. त्यावरचा नायट्राइड म्हणजे गादीवर ठेवलेला पापड: पापड कितीही कडक असो, बोट दाबलं की मोडतो. धारेवर बर, म्हणजे ग्राइंडिंगनंतर उरलेली धातूची बारीक कोर, राहिली असेल तर थर बरीवर बसतो आणि पहिल्याच कामात बर आणि थर दोन्ही उडून जातात. वायरकटवर, म्हणजे तारेतून उडणाऱ्या विजेच्या ठिणग्यांनी, कापलेल्या डायवर वितळून पुन्हा गोठलेला पांढरा थर असतो. तो घासून काढल्याशिवाय कोटिंग करण्यात अर्थ नाही. वाफेत काळं केलेलं ड्रिल असेल तर काळा ऑक्साइडही आधी उतरवावा लागतो.

चांदीच्या ब्रेझिंगने (चांदीमिश्रित धातू वितळवून दिलेल्या जोडाने) कार्बाइडची टीप बसवलेली टूल तर चेंबरच्या दारातूनच परत पाठवावीत. अशा ब्रेझिंग धातूत झिंक किंवा कॅडमियम असेल तर ते निर्वातात, ४०० अंशांना, उकळून निघतं. ते आपल्याच नव्हे, शेजारच्या सगळ्या टूलवर जाऊन बसतं. कॅडमियमची वाफ विषारीही असते.

आपल्याकडे पंच आणि डाय बहुतेक डी-२ स्टीलच्या असतात आणि त्यांचं टेंपरिंग बरेचदा २०० अंशांवर उरकलेलं असतं. असा पंच ४५० अंशांच्या चेंबरमध्ये गेला की त्याचं पुन्हा टेंपरिंग होतं, कठीणपणा काही रॉकवेल अंकांनी (कठीणपणाचं आणखी एक माप) उतरतो आणि मापही हलतं. मग दोष कोटिंगवाल्याच्या माथी येतो. उपाय आधीच करायचा: हार्डनिंगवाल्याला सांगून ५००-५२० अंशांना दोन-तीनदा टेंपरिंग करून घ्यायचं, आणि अंतिम ग्राइंडिंग त्यानंतर.

रंगावरून थोडंफार कळतं. नायट्रोजन कमी पडला तर सोनं फिकट, चांदीकडे झुकणारं येतं. जास्त झाला तर तांबूस. चेंबरला गळती असेल तर मळकट, तपकिरी. मात्र जाडी रंगावरून कळत नाही. थर मायक्रॉनच्या काही दशांशांचा झाला की पुरता अपारदर्शक आणि पूर्ण सोनेरी दिसतो. स्वस्त ड्रिलचा सोनेरी रंग म्हणूनच फारसं काही सिद्ध करत नाही, आणि खालचं स्टील कसलं आहे हे तर मुळीच सांगत नाही. विटा-काँक्रीटच्या ड्रिलवर हा रंग निव्वळ सजावट. तिथे काम कार्बाइडची टीप आणि ठोके करतात.

जाडी मोजायला ३० मिलिमीटर व्यासाचा स्टीलचा गोळा हिऱ्याच्या बारीक पेस्टमध्ये नमुन्यावर फिरवतात. खळगा पडतो आणि भिंगाखाली दोन वर्तुळं दिसतात. समजा बाहेरचं ०.९ आणि आतलं ०.७ मिलिमीटर व्यासाचं. दोघांच्या वर्गांचा फरक ०.३२, त्याला गोळ्याच्या व्यासाच्या चौपटीने, म्हणजे १२०ने भागलं की जवळपास ०.००२७ मिलिमीटर, म्हणजे २.७ मायक्रॉन. थर किती घट्ट बसला ते पाहायला रॉकवेल यंत्राचं हिऱ्याचं टोक १५० किलोच्या भाराने दाबतात. खळग्याभोवती केसासारख्या भेगा चालतात, थराचे पापुद्रे निघाले तर बॅच नापास.

जाड थर म्हणजे चांगला थर, हा समज इथे उलटतो. या रीतीने बसलेला थर आतून दाबाखाली असतो. थोडा दाब भेगा थोपवतो, पण जाडी वाढत गेली की तीक्ष्ण धारेवर, जिथे दोन्ही बाजूंचे थर भेटतात, तो आपणहून उडतो. बारीक ड्रिल आणि एंड मिलला (मिलिंगच्या दांडीसारख्या कटरला) म्हणून एक-दोन मायक्रॉनच बरे.

सगळीकडे टायटॅनियम नायट्राइडच हवं असंही नाही. ते हवेत ५००-६०० अंशांपासून ऑक्साइड होऊ लागतं. त्यात अॅल्युमिनियम मिसळलं की तापल्यावर पृष्ठभागावर अॅल्युमिनियम ऑक्साइडची साय धरते आणि थर ८०० अंशांपर्यंत टिकतो. कठीण स्टील कूलंटशिवाय कापायला तोच घेतात. पण अॅल्युमिनियम कापायला हा जांभळट-काळा थर लावू नये, अॅल्युमिनियमला अॅल्युमिनियम चिकटतं. तिथे हिऱ्यासारख्या कार्बनचा थर, किंवा नुसतं पॉलिश केलेलं कार्बाइड. अॅल्युमिनियमच्या डाय कास्टिंगच्या साच्यांना क्रोमियम नायट्राइड बरं पडतं.

धार गेल्यावर ड्रिलचं तोंड पुन्हा ग्राइंड केलं की तोंडाकडचा थर जातो, पण खाचेतला, जिथून चिप सरकते, तो राहतो. त्यामुळे फायद्याचा काही भाग उरतो. पूर्ण फायदा हवा तर पुन्हा कोटिंग करायचं. एकावर एक दोन-तीन थर चालतात, पुढे मात्र जुना उतरवावा लागतो. हाय स्पीड स्टीलवरचं नायट्राइड हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात निघतं आणि खालचं स्टील सहसा वाचतं. कार्बाइडला मात्र तेच द्रावण नडतं. वेळ चुकली तर ते कोबाल्ट विरघळवून टाकतं, पृष्ठभाग स्पंजासारखा सच्छिद्र होतो, आणि त्यावर बसवलेला नवा थर पहिल्याच फेरीत निघून येतो.