हात जलद की डोळा?

मांडीवर बॅग, तिच्यावर पसरलेला पेपर आणि त्यावर मेंढीकोट. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. मागच्या आठवड्यात डाव संपल्यावर मी कॅट हातात घेतला, समोरच्या काकांना एक पत्ता काढायला लावला, तो मधोमध सरकवला आणि चुटकी वाजवून सगळ्यात वरून काढून दाखवला. बदामची नव्वी. काका म्हणाले, "हात डोळ्यापेक्षा जलद असतो, त्यात काय!"

इथेच घोडं पेंड खातं.

मी जे केलं त्याला जादूगार 'पास' म्हणतात. करंगळीच्या टोकाने कॅटमध्ये त्या पत्त्याच्या वर केसभर फट राखायची आणि संधी मिळताच खालची अर्धी गड्डी वर आणायची. मुरलेल्या हातालाही पाव सेकंद तरी लागतो. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात, म्हणजे पाव सेकंदात सहा. डोळ्याला एवढं पुरतं. 1890 च्या दशकात पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी (बुद्धिमापन चाचणीवाले तेच) जादूगारांच्या हातांचे ओळीने फोटो काढवून घेतले, तेव्हा फोटोत चलाखी सरळ दिसली.

मग गाडीत का दिसत नाही? हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. साधारण तेवढाच, दोनेक अंशांचा तुकडा आपल्याला खणखणीत दिसतो. बाकीचं धूसर. म्हणून नजर सेकंदाला तीनेक उड्या मारत फिरते, आणि उडी चालू असताना मेंदू दृश्य दाबून टाकतो. खात्री करायची तर आरशात स्वतःच्या एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे बघा. बुबुळ हललेलं तुम्हाला दिसणार नाही. शेजारी उभं असलेल्याला दिसेल.

या उडीला सॅकेड म्हणतात, आणि माझा जीव अडकलाय तो इथून पुढे. हात सरळ रेषेत गेला की तो कुठे पोचणार हे मेंदू ताडतो, नजर थेट तिथे उडी मारते आणि पुन्हा मूळ जागी परतते. मूळ जागी, म्हणजे जिथे लबाडी झाली तिथेच! हात वळणाने गेला तर शेवट ताडता येत नाही. मग नजर उडी न मारता हाताला चिकटून त्याच्यामागे घरंगळते. येवल्यात संक्रांतीला गोते खाणाऱ्या पतंगामागे नजर जाते ना, तशी. आसारी (मांजाची फिरकी) कुणाच्या हातात आहे ते त्या वेळी कोण बघतं? खिसे कापून दाखवणारे कलाकार अपोलो रॉबिन्स यांना हे अनुभवाने माहीत होतं. 2011 मध्ये अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञांनी त्यांच्या नाण्याच्या जादूवर ते तपासलं, आणि वळणाची हालचाल जास्त फसवते असंच निघालं. पास करतानाही दोन्ही हात मिळून एक छोटा झोका घेतात. मोठ्या हालचालीच्या पोटात छोटी दडते.

सरावाचं म्हणाल, तर 'मसल मेमरी' हा शब्द मला खटकतो. स्नायूला कसली आठवण? शिकतो तो मेंदू, त्यातही अनुमस्तिष्काचा, म्हणजे मागच्या बाजूच्या लहान मेंदूचा, वाटा मोठा, आणि घाईत केलेली चूकही तो तेवढ्याच इमानाने पाठ करतो. म्हणून मी सहा महिने संथ पास केला. "पत्ते कुटत बसलाय" हे घरचं पार्श्वसंगीत होतंच. आरशात सगळं निर्दोष दिसायचं. मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं, तर नेमक्या क्षणी माझीच पापणी मिटत होती! इतके दिवस मी स्वतःलाच फसवत होतो. शिवाय खांदा उचलला जायचा आणि बोलणं तुटायचं. बोटं कधीच तयार होती. बोभाटा खांदा करत होता.

जाता जाता: मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून 'मेंदू जागृत करून' पत्ते ओळखायला शिकवणारे क्लास आठवतात? नाकाशेजारच्या फटीतून खाली दिसतं, एवढंच त्यातलं विज्ञान. जादूगार निदान फसवतो असं सांगून फसवतो.

काकांना हे सगळं ऐकवल्यावर ते पुढे सरकले, नजर माझ्या करंगळीवर रोखली. "आता परत दाखव."

कुठे बघायचं हे कळलेल्या माणसासमोर पास करणं म्हणजे आत्महत्या. मी कॅट पिसला, पत्ता मधोमध सरकवला आणि विचारलं, "काका, देवळाली गेलं का हो?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.