डेटा वेअरहाउस

व्यवसायाच्या निरनिराळ्या प्रणालींत रोज पडणाऱ्या नोंदी एकत्र आणून, त्यांतील नावे आणि मापे सारखी करून, मागच्या अनेक वर्षांच्या इतिहासासह केवळ विश्लेषणासाठी वेगळ्या ठेवण्याची व्यवस्था. ‘विदाकोठार’, ‘माहिती कोठार’ हे प्रतिशब्द लिखाणात आढळतात. बोलण्यात डेटा वेअरहाउस हाच शब्द चालतो. या नोंदीत आटोपशीरपणासाठी ‘कोठार’ म्हटले आहे. कोकणात भात कणगीत जाते ते झोडून, उफणून, वाळवून. खळ्यावरच्या राशीला कोणी कणगी म्हणत नाही. बिले, पावत्या, आवक-जावक यांचा रोजचा डेटाबेस ही खळ्यावरची रास होय. कोठाराचे काम त्यानंतर सुरू होते.

उगम : ‘बिझनेस डेटा वेअरहाउस’ ही संज्ञा बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांच्या १९८८ मधील लेखात छापील स्वरूपात येते. हा लेख आयबीएमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि कंपनीच्या युरोपातील अंतर्गत कामाच्या अनुभवावर तो आधारलेला होता. लोकप्रिय लिखाणात मात्र जनकत्वाचा मान बहुधा बिल इनमन यांना दिला जातो. १९९२ च्या ग्रंथात त्यांनी कोठाराची चार लक्षणे सांगितली : विषयानुसार मांडणी, एकात्मता, काळाचे भान आणि एकदा भरलेली नोंद न बदलणे. संज्ञा सत्तरच्या दशकापासूनच त्यांच्या वापरात होती, असेही सांगितले जाते. परंतु छापील पुरावा पाहता १९८८ हे वर्ष धरणे अधिक सुरक्षित. व्याख्येचे श्रेय इनमन यांचे, शब्दाचे डेव्हलिन व मर्फी यांचे, अशी विभागणी येथे ग्राह्य मानली आहे.

कल्पना मात्र शब्दापेक्षा जुनी आहे. विक्रीचे आकडे एका बाजूला आणि वस्तू, ठिकाण, तारीख हे त्यांचे पैलू दुसऱ्या बाजूला, ही मांडणी साठच्या दशकात अमेरिकेतील जनरल मिल्स कंपनी आणि डार्टमथ विद्यापीठ यांच्या संयुक्त कामात रूढ झाली असावी, असे या विषयावरचे लेखक राल्फ किंबल यांचे मत आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या टेराडेटा कंपनीने अनेक प्रोसेसर समांतर चालवणारे, केवळ अशा प्रश्नांसाठी बांधलेले यंत्र ऐंशीच्या दशकात बाजारात आणले. म्हणजे नाव रुळण्याआधीच माल विकला जात होता. ‘ओलॅप’ (साठवलेल्या आकड्यांचे अनेक पैलूंनी विश्लेषण) ही संज्ञा संबंधात्मक, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या कोष्टकांच्या, डेटाबेसचे प्रणेते एडगर कॉड यांनी १९९३ मध्ये पुढे आणली. त्या लेखाला एका सॉफ्टवेअर उत्पादकाचे पाठबळ होते, म्हणून त्यातील निकष तटस्थ मानले जात नाहीत, संज्ञा मात्र टिकली.

मांडणीचे दोन पंथ : इनमन यांच्या मते आधी सगळ्या संस्थेचे एकच काटेकोर कोठार उभारावे आणि त्यातून विभागांना लागणारे छोटे साठे काढावेत. किंबल यांनी १९९६ मध्ये उलट वाट मांडली : एकेक व्यवहार घ्यावा, मधोमध आकड्यांचे तथ्य-कोष्टक ठेवावे, भोवती तारीख, माल, गिऱ्हाईक, गाव अशी पैलू-कोष्टके लावावीत आणि हे पैलू सर्व विभागांत सामायिक ठेवावेत. आकृती ताऱ्यासारखी दिसते म्हणून हिला तारा-रचना म्हणतात. मोठ्या बँकेला पहिला पंथ मानवतो. पाच-दहा माणसांच्या पेढीला दुसरा झेपतो.

किंबल यांचा सर्वांत मोलाचा आग्रह ‘कण’ ठरवण्याचा आहे. तथ्य-कोष्टकातील एक ओळ म्हणजे नेमके काय, हे आधी लिहून काढावे लागते. देवगडच्या हापूस बागायतदाराची आंब्याची पेटी घ्या. पेटी हा व्यवहाराचा एकक खरा, पण फळाच्या आकाराप्रमाणे ती चार डझनांची असते, पाच-सहाची असते, त्याहून बारीक फळाचीही असते. वाशीच्या बाजारातून दलालाची पट्टी (विक्रीचा हिशोब) येते तीत पेट्यांची संख्या, भाव आणि त्यातून वजा झालेले भाडे-हमाली असते. ‘एक ओळ म्हणजे एक पेटी’ असे ठरवून डझनांचा रकाना ठेवला नाही, तर मार्चमधील चार डझनी पेटीचा चढा भाव आणि मे महिन्यातील सहा डझनी पेटीचा उतरलेला भाव यांची सरासरी कशाचीच राहत नाही. ‘एक ओळ म्हणजे एका पट्टीतील एका आकाराच्या पेट्या’ हा कण घेतला तर डझनाचा भाव, पेटीचा भाव आणि दलालवार फरक हे तीनही निघतात. भाडे मात्र ओळीनुसार वाटून घ्यावे लागते, कारण ट्रकचे भाडे संपूर्ण पट्टीवर लागलेले असते.

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० या प्रतींमधील आकडा एका पौंडात बसणाऱ्या अख्ख्या गरांची कमाल संख्या दाखवतो, म्हणजे आकडा लहान तितका गर मोठा. पाकळी आणि तुकडा यांना असा आकडा नसतो. प्रत हा मजकुराचा रकाना ठेवावा. ती संख्या समजून बेरीज-सरासरी केल्यास निरर्थक उत्तर येते, आणि संगणक त्याबद्दल तक्रार करत नाही.

संथ बदलणारे पैलू : या विषयातील सर्वांत नाजूक भाग हा आहे आणि कोकणाचा नकाशा त्याचे उत्तम उदाहरण आहे. गाव हा पैलू स्थिर वाटतो, पण त्याचा जिल्हा बदलतो. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर. डहाणूच्या चिकूची जिल्हावार विक्री काढताना ‘ठाणे’ हा शब्द पुसून त्या जागी ‘पालघर’ लिहिला, तर २०१३ च्या जुन्या अहवालाशी ताळा कधीच बसणार नाही. ही पहिली पद्धत, जुने मूल्य पुसण्याची. दुसऱ्या पद्धतीत डहाणूच्या दोन ओळी राहतात : एक ‘ठाणे, ३१ जुलै २०१४ पर्यंत’, दुसरी ‘पालघर, १ ऑगस्ट २०१४ पासून’. प्रत्येक ओळीला स्वतंत्र कृत्रिम क्रमांक असतो आणि विक्रीची नोंद त्या दिवशी लागू असलेल्या क्रमांकाला जोडली जाते. तिसऱ्या पद्धतीत एकाच ओळीत ‘आधीचा जिल्हा’ असा जादा रकाना ठेवतात. कुलाबा जिल्ह्याचे १९८१ मध्ये रायगड असे नामांतर झाले, ते प्रकरण वेगळे. तेथे नुसते नाव बदलले, म्हणून पहिली पद्धत पुरते. विभाजन आणि नामांतर यांना एकाच पद्धतीने हाताळणे ही हमखास आढळणारी चूक आहे. कोणतेही उत्पादन ती आपोआप टाळत नाही. कोष्टक आखणाऱ्याने ती टाळायची असते.

स्तंभनिहाय साठवण : रोजच्या डेटाबेसमध्ये एका व्यवहाराचे सर्व रकाने शेजारी-शेजारी साठतात. कोठारात एका रकान्याची सर्व मूल्ये एकत्र ठेवतात. कोष्टकात चाळीस रकाने असले आणि प्रश्न फक्त तारीख, गाव व रक्कम यांचा असला, तर तीनच रकाने वाचले जातात. शिवाय ‘देवगड, देवगड, देवगड’ अशी सलग मूल्ये ‘देवगड, इतक्या वेळा’ अशी दाबून ठेवता येतात. या मांडणीचा पद्धतशीर विचार १९८५ मधील कोपलंड व खोशाफियन यांच्या लेखात आहे; व्यापारी उत्पादनांना खरा जोर २००५ च्या सी-स्टोअर या संशोधन प्रकल्पानंतर आला.

उत्पादनांची तुलना : वेगाच्या चाचण्या बहुधा विक्रेतेच प्रसिद्ध करतात, म्हणून त्यांवर विसंबू नये. बिल कशाचे लागते, हा फरक टिकाऊ आहे.

ॲमेझॉन रेडशिफ्ट २०१२ च्या अखेरीस जाहीर झाले. त्याचा पाया पॅरॲक्सेल या कंपनीच्या तंत्रावर होता. मूळ पद्धतीत यंत्रे भाड्याने घ्यावी लागत आणि ती चालू असतील तितक्या तासांचे बिल लागे, प्रश्न विचारा वा विचारू नका. पुढे साठवण आणि गणन वेगळे करणारी यंत्रे आली आणि २०२२ मध्ये सर्व्हरलेस, म्हणजे यंत्रे स्वतः निवडावी न लागणारा, प्रकारही खुला झाला. वर्षभर सारखा भार असलेल्या उद्योगाला, उदाहरणार्थ न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील कंटेनर वाहतुकीच्या कामाला, ठरावीक यंत्रांचा हिशोब अजूनही परवडू शकतो.

गूगल बिगक्वेरी गूगलच्या ड्रेमेल या अंतर्गत प्रणालीतून निघाले. यंत्रांची निवड ग्राहकाला करावी लागत नाही. मागणीनुसारच्या दरात प्रश्नाने किती डेटा वाचला त्याचे पैसे पडतात. दरमहा १० जीबी साठवण आणि १ टीबी वाचन मोफत मिळते. येथे नवशिक्याची फसगत ठरलेली : प्रश्नाच्या शेवटी ‘लिमिट १०’ लिहिले की दहाच ओळींचे पैसे लागतील असे वाटते. साध्या कोष्टकावर तसे होत नाही, मागितलेले रकाने पूर्ण वाचले जातात आणि बिल त्याचेच होते. खर्च आटोक्यात येतो तो तारखेनुसार विभाग पाडल्याने आणि लागतील तेवढेच रकाने मागितल्याने.

२०१२ मध्ये स्थापन झालेल्या स्नोफ्लेकने साठवण आणि गणन पहिल्यापासून अलग ठेवले. त्यांच्या परिभाषेत ‘वेअरहाउस’ म्हणजे साठा नव्हे तर प्रश्न सोडवणाऱ्या यंत्रांचा गट, हे नवख्याने आधी समजून घ्यावे. गट चालू असेल तेव्हाच सेकंदावर आकार लागतो, सुरू केल्यावर किमान ६० सेकंदांचा. काम नसताना तो आपोआप झोपवता येतो. मायक्रोसॉफ्टचे सिनॅप्स, डेटाब्रिक्सचे ‘लेकहाउस’ (कच्च्या फायलींचा साठा आणि कोठार एकत्र) आणि मुक्त स्रोतातील क्लिकहाउस हे अन्य पर्याय.

कोकणातील उपयोग : येथील व्यवसाय हंगामाचे आहेत. हापूसची मुख्य आवक मार्च ते मे, काजू बीची साधारण त्याच सुमारास, आणि पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी. मिरकरवाड्याच्या मासळी व्यापाऱ्याकडे त्या दोन महिन्यांत नवी आवकच नसते. अशा धंद्यात चोवीस तास चालू राहणाऱ्या यंत्राचे भाडे भरण्यापेक्षा वापराइतके बिल लावणारी सेवा उचित ठरते.

त्याआधीचा प्रश्न डेटाच्या आकारमानाचा आहे. हंगामाला पन्नास हजार पेट्या आणि प्रत्येक पेटीची स्वतंत्र ओळ धरली तरी दहा वर्षांच्या पाच लाख ओळी होतात. ओळीला ५०० बाइट धरले तर सगळे मिळून २५० एमबी. इतका डेटा कोणत्याही चालू लॅपटॉपवर मावतो. अशा पेढीने ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतून निघालेले, २०१९ पासून उपलब्ध असलेले डकडीबी किंवा पोस्टग्रेस हे आपल्याच यंत्रावर चालणारे डेटाबेस वापरावेत, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जातात, तेव्हाही बॅटरीवर काम होते. डेटाची एक प्रत मात्र दुसऱ्या गावी ठेवावी. मेघसेवा (क्लाउड) खरोखर लागते ती अनेक पेढ्यांच्या संघाला, प्रक्रिया उद्योगाला किंवा निर्यातदाराला. ॲमेझॉन आणि गूगल या दोन्ही मोठ्या पुरवठादारांची केंद्रे मुंबई परिसरात आहेत. ॲमेझॉनचे २०१६ पासून, गूगलचे २०१७ पासून.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. कोठाराचा इतिहास त्याहून लांब असावा, कारण आंब्याच्या बहराची तुलना पाच-सहा वर्षांत उलगडत नाही. बागायतदारांची नावे, फोन, बँक खाती कोठारात असल्यास २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा विचारात घ्यावा लागतो. विश्लेषणाला हे रकाने बहुधा लागतच नाहीत, ते भरताना गाळावेत.

स्थलांतर : एका सेवेतून दुसरीत जाताना डेटा बाहेर काढण्याचा वेगळा आकार लागू शकतो. पार्के या खुल्या स्तंभनिहाय स्वरूपात साठा ठेवला तर वरीलपैकी बहुतेक उत्पादने तो थेट वाचतात. डकडीबीवर सुरुवात केलेल्या पेढीला पुढे मेघसेवेत जायचे झाल्यास त्याच फायली चढवता येतात. एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतील तारखांची फंक्शने मात्र उत्पादनागणिक वेगळी असल्याने प्रश्न पुन्हा तपासून घ्यावे लागतात.