फ्लाय रीळ अडकल्यास काय करावे: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फ्लाय रीळ म्हणजे फ्लाय पद्धतीच्या मासेमारीत गळाची दोरी, म्हणजे लाइन, गुंडाळून ठेवणारी चकरी. आमच्या सांगलीच्या कार्यशाळेत दुरुस्तीसाठी येणाऱ्या अशा रिळांपैकी बहुतेकांचा मूळ बिघाड किरकोळ असतो. मात्र रीळ फिरत नाही म्हणून मुठीवर जोर दिल्याने त्याच्यावर दुसरा, मोठा बिघाड चढलेला असतो. यासाठी पहिली विनंती अशी की, रीळ अडकल्याचे जाणवताच हात थांबवावा. फ्लाय रिळात दातेरी चक्रांची गुंतागुंत सहसा नसते. फ्रेम, तिच्यामधल्या आसावर फिरणारा आणि लाइन ज्यावर गुंडाळली जाते तो स्पूल, आणि लाइन बाहेर जाताना तिला रोध देणारा ड्रॅग एवढाच त्याचा पसारा असतो. त्यामुळे अडथळा नेमका कोठे आहे हे शांतपणे शोधले, तर पुष्कळ रिळे घरच्या घरी मोकळी होतात.

शोध घेण्यापूर्वी ड्रॅगची कळ पूर्ण सैल करावी आणि मग स्पूल बोटांच्या हलक्या दाबाने दोन्ही दिशांना फिरवून पाहावा. लाइन गुंडाळण्याच्या दिशेने तो फिरत असेल, पण बाहेर सोडण्याच्या दिशेने घट्ट असेल, तर दोष ड्रॅगमध्ये आहे. दोन्ही दिशांना घट्ट असेल, तर स्पूलच्या मागे काहीतरी अडकले आहे असे धरून चालावे. प्रत्येक फेऱ्यात ठराविक एकाच जागी अटकाव होत असेल, तर स्पूलची कड किंवा फ्रेम वाकलेली असते. आणि सुटी सोडताना लाइन सहज जाते, पण गुंडाळताना मात्र जोर लागतो, असे असेल तर रीळ बिघडलेले नसून उलट्या हातासाठी जुळवलेले असते. परदेशातून आणलेली किंवा जुनी विकत घेतलेली रिळे पुष्कळदा डाव्या हाताने गुंडाळण्यासाठी जुळवलेली असतात. ती उजव्या हातासाठी करायची, तर आतले एकदिशा बेअरिंग (आसाला एकाच दिशेने पकडणारे बेअरिंग), आणि खटक्याच्या रिळात पॉल (दात्यांत अडकून खटका देणारा छोटा तुकडा), उलटा बसवावा लागतो.

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे स्पूल आणि फ्रेम यांच्या फटीत शिरलेला दोरा. फ्लाय लाइन साधारण एक मिलिमीटर जाडीची असल्याने ती या फटीत सहसा जात नाही; पण तिच्या टोकाला बांधलेला बारीक तंगूस, ज्याला टिपेट म्हणतात, तो ४ एक्स मापाचा असेल तर जेमतेम ०.१८ मिलिमीटर जाडीचा असतो. लाइन सैल पडली की तो सहज आत सरकतो आणि मूठ फिरवत राहिल्यास आसाभोवती आवळला जातो. असा दोरा ओढून काढू नये. आधी बाहेरचे टोक कापून टाकावे आणि मगच स्पूल काढावा. जुन्या पद्धतीच्या रिळात मध्यभागी असलेली छोटी कळ दाबून स्पूल सरळ बाहेर ओढायचा असतो, तर अलीकडच्या अनेक रिळांत मध्यावरची टोपी डावीकडे फिरवून सोडवायची असते. टोपी घट्ट बसली असेल तर पक्कड लावू नये, कारण ॲल्युमिनियमवर दातांचे वण कायमचे उमटतात आणि आटेही जातात. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टोपीवर धरून फिरवली, की ती बहुधा सुटते. स्पूल निघाल्यावर आसाभोवतीचा तंगूस लहान कात्रीने कापून चिमट्याने काढावा. एखादा बारीक तुकडासुद्धा मागे राहता कामा नये.

दोरा नसेल तर घाण असते, आणि आपल्या भागात ती दोन प्रकारची असते. कृष्णा-वारणेच्या काठची काळी माती अतिशय बारीक असते. ती पाण्याबरोबर आसापर्यंत पोहोचते आणि वाळल्यावर तिथेच घट्ट धरून राहते. सन २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्यांचे सामान पाण्याखाली गेले होते, त्यांनी रीळ बाहेरून स्वच्छ दिसते म्हणून समाधान मानू नये. ते एकदा उघडून पाहावेच. दुसरा प्रकार समुद्राच्या मिठाचा. आंबा घाट उतरून कोकणात गळ टाकायला जाणाऱ्यांच्या रिळांत ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली दिसते. ती गंजाचीच खूण होय.

दोन्हींवर उपाय एकच आहे. सुटा केलेला स्पूल आणि फ्रेम कोमट पाण्यात साधा साबण घालून काही वेळ बुडवून ठेवावी, जुन्या मऊ टूथब्रशने घासावी आणि सावलीत पूर्ण कोरडी होऊ द्यावी. ड्रॅग उघडा असेल, विशेषतः त्यात कॉर्कची चकती असेल, तर मात्र तो भाग बुडवू नये, केवळ ओल्या फडक्याने पुसावा. येथे एक स्थानिक सूचना करणे आवश्यक वाटते. मिरज आणि वाळवा भागातील अनेक बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, आणि त्या पाण्याने धुतलेल्या रिळाच्या आत वाळल्यावर नवाच पांढरा थर बसतो. म्हणून शेवटचे धुणे फिल्टरच्या पाण्याने करावे. कढत पाणी, रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर यांपैकी काहीही वापरू नये. रबरी ओ-रिंग त्यांनी फुगतात, आणि फ्लाय लाइनचे प्लास्टिकचे आवरण तर त्यांनी कायमचे खराब होते. डीट हे रसायन असलेल्या डास पळवणाऱ्या मलमाचाही त्या आवरणावर तसाच परिणाम होतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

वंगणाच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. आसावर ग्रीसचा पातळ हात पुरतो. पॉल आणि त्याच्या स्प्रिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा. एकदिशा बेअरिंगमध्ये ग्रीस भरणे ही वारंवार होणारी चूक आहे: त्यातले छोटे रोलर ग्रीसमध्ये घसरतात, आसाला पकडत नाहीत, आणि स्पूल दोन्ही दिशांना मोकळा फिरू लागतो, म्हणजे ड्रॅग असून नसल्यासारखा होतो. तेथे हलके तेल, तेही नावापुरते. गंज सोडवणारा स्प्रे ड्रॅगवर मारू नये, कारण तो असलेले वंगण धुऊन नेतो आणि चकत्यांवर तेलकट थर सोडतो. कॉर्क किंवा कार्बनच्या चकत्यांना उत्पादकाने सांगितले असेल तेच आणि तेवढेच लावावे.

कधी रीळ अडकत नाही, लाइनच अडकते. बॅकिंग, म्हणजे फ्लाय लाइनच्या खाली स्पूलवर आधी गुंडाळलेला बारीक दोरा, जास्त भरले किंवा एका बाजूला ढीग झाला, की लाइनचे वेटोळे फ्रेमच्या खांबाला घासू लागते. भरलेली लाइन आणि खांब यांच्यात चार ते पाच मिलिमीटर मोकळी जागा हवी. नसल्यास बॅकिंगच कमी करावे, लाइन कापू नये.

वाकलेल्या कडेबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल. रीळ खडकावर पडले की बहुधा स्पूलचीच कड दबते. कडेवर मार्करने काळी रेघ मारून स्पूल हळूहळू फिरवला, की जिथे घासते तिथली शाई निघून चमक दिसते आणि दोष सापडतो. पण सापडला तरी हातोडी उचलू नये. अखंड ॲल्युमिनियममधून कातून काढलेला स्पूल लाकडी ठोकळ्यांत धरून थोडाफार सरळ करता येतो. ओतीव स्पूल मात्र सरळ करताना तडकतो, आणि तडकलेला स्पूल जोडण्याचा भरवशाचा मार्ग आमच्याकडेही नाही. दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांना नेहमी कळत नाही, त्यामुळे अशी रिळे आमच्याकडे आणणेच बरे.

ज्या रिळाचा ड्रॅग कारखान्यातच बंदिस्त केलेला आहे, ते घरी उघडू नये. पाणी आत जाऊ नये म्हणून बसवलेली सील एकदा निघाली, की योग्य अवजाराशिवाय पूर्वीसारखी बसत नाही, आणि उत्पादकाची हमीही त्यामुळे संपुष्टात येऊ शकते.

रीळ बंद ठेवताना ड्रॅग सैल ठेवावा. घट्ट आवळून महिनोन्‌महिने ठेवलेल्या कॉर्कच्या चकत्या दबून चिकटतात आणि पावसाळा संपल्यावर रीळ अडकल्याची तक्रार येते. ओल्या कापडी पिशवीत रीळ ठेवण्याची सवयही मोडावी.

कार्यशाळेत रीळ आणताना ते रॉडवरून काढून, पण लाइनसह आणावे, कारण पुष्कळदा दोष लाइनच्या भरणीतच निघतो. आपण ते उघडले असेल, तर निघालेले वॉशर आणि स्प्रिंग कागदी पाकिटात घालून द्यावेत आणि उघडताना मोबाइलवर छायाचित्रे काढली असल्यास ती दाखवावीत. वॉशरचा क्रम चुकला, की चांगला ड्रॅगही धड चालत नाही. पॉल आणि त्याची स्प्रिंग आम्ही येथेच बनवून देतो. एकदिशा बेअरिंग मागवावे लागते, म्हणून त्यावर कोरलेला क्रमांक वाचता येत असेल तर तो आधी फोनवर कळवावा. केवळ अडकलेला दोरा काढून रीळ सुरू झाले, तर त्याचे शुल्क घेतले जात नाही.