शोधाध्ययन, संगणकसाहाय्यित

विद्यार्थ्यांनी स्वतः प्रश्न मांडून, त्यांची तात्पुरती स्पष्टीकरणे सुचवून आणि ती पुराव्यावर घासून ज्ञान मिळवण्याच्या पद्धतीला शोधाध्ययन म्हणतात. संगणकावरील साधनांच्या आधाराने ते चालते तेव्हा त्याला संगणकसाहाय्यित म्हणतात. आभासी प्रयोगशाळा आणि प्रतिरूपणे हेही त्याचे प्रकार आहेत. येथे मुख्यतः सामायिक लेखनाच्या, म्हणजे विद्यार्थी एकाच ठिकाणी टिपणे लिहितात आणि एकमेकांची वाचतात अशा, प्रणालींचा विचार केला आहे, कारण भिन्न शिक्षणसंस्कृतींत एकच साधन कसे वापरले जाते, याचा अभ्यास त्यांच्या बाबतीत दीर्घकाळ झाला आहे.

उगम : या पद्धतीचे मूळ बहुधा अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या विचारांत शोधले जाते. मात्र संगणकीय प्रणालींपुरते पाहता हे मत अपुरे वाटते. या क्षेत्रातील पहिल्या महत्त्वाच्या प्रणालींपैकी एक असलेली ‘सीसिल’ कॅनडात टोरोंटो येथे मार्लीन स्कार्डामालिया आणि कार्ल बेरायटर यांनी घडवली. दोघांचे आधीचे संशोधन लेखनाच्या मानसशास्त्रातले होते. अनुभवी लेखक लिहिताना स्वतःचा विचारच बदलतो, नवखा मात्र आठवेल ते कागदावर उतरवतो, हा त्यांच्या संशोधनातील भेद प्रणालीच्या रचनेत उघड दिसतो. विद्यार्थ्याने टिपण लिहिताना ‘माझा सिद्धांत’, ‘मला समजून घ्यायचे आहे’, ‘नवी माहिती’, ‘अधिक चांगला सिद्धांत’ अशा आशयाचे आधारशब्द निवडायचे असतात. अनेक टिपणांचा मेळ घालून त्यांच्या वरच्या पातळीचे टिपण लिहिण्याचीही सोय असते. बेरायटर यांनी पुढे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या ‘तिसऱ्या विश्वा’चा, म्हणजे माणसांनी घडवलेल्या पण त्यांच्यापासून स्वतंत्र असलेल्या कल्पना-सिद्धांतांच्या विश्वाचा, आधार घेतला. वर्गात मांडलेली कल्पना ही मांडणाऱ्यापासून वेगळी, सर्वांनी सुधारायची वस्तू आहे, ही त्यांची भूमिका. तिला त्यांनी ‘ज्ञानबांधणी’ म्हटले. एकेका मुलाच्या मनातील आकलनाचा विचार करणाऱ्या ज्ञानरचनावादाहून ती निराळी आहे, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे.

सीसिलचा काल दोन प्रकारे दिला जातो. विद्यापीठातील एका अभ्यासक्रमातील प्राथमिक रूप धरल्यास 1983, आणि प्राथमिक शाळेतील रोजचा वापर धरल्यास 1986 च्या सुमारास. शालेय शिक्षणाच्या दृष्टीने दुसरा काल अधिक ग्राह्य दिसतो. 1990 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिची ‘नॉलेज फोरम’ ही सुधारित आवृत्ती आली.

प्रसार आणि संस्कृतिभेद : फिनलंडमध्ये काई हाक्काराइनेन यांनी ‘प्रगामी पृच्छा’ हे प्रतिमान मांडले. त्यात टोरोंटोच्या विचाराला फिनिश तत्त्वज्ञ याक्को हिंटिक्का यांच्या प्रश्नाधिष्ठित तर्कशास्त्राची जोड आहे. मोठ्या प्रश्नाचे उत्तर लहान, गौण प्रश्नांच्या साखळीतून मिळते, हे त्याचे सूत्र. हेलसिंकी येथे त्यासाठी ‘फ्ले’ ही प्रणाली तयार झाली आणि तिची पुढील आवृत्ती मुक्तस्रोत स्वरूपात खुली केली गेली.

पूर्व आशियातील विद्यार्थी पाठांतरप्रधान, म्हणून शोधाध्ययनाला प्रतिकूल, असे पूर्वी सर्रास मानले जाई. डेव्हिड वॉटकिन्स आणि जॉन बिग्ज यांनी 1996 मध्ये संपादित केलेल्या अभ्यासांनी या समजुतीला धक्का दिला. चिनी अध्यापनपरंपरेत पाठांतर आणि आकलन हे परस्परविरोधी नसून एकमेकांत गुंतलेले असतात, असे फेरेन्स मार्टन यांच्या त्यातील विवेचनातून पुढे आले. जपानचे उदाहरणही बोलके आहे. तेथे कियोनोबु इताकुरा यांनी 1963 च्या सुमारास ‘गृहीतक-प्रयोग-पाठ’ सुरू केला होता. त्यात मुले आधी दिलेल्या पर्यायांतून भाकीत निवडतात, त्यावर वाद घालतात आणि मगच प्रयोग पाहतात. म्हणजे संगणक येण्यापूर्वीच तेथे शोधाध्ययनाची स्वतंत्र परंपरा होती.

हाँगकाँगमध्ये खरी अडचण परीक्षेची होती. गुणांशी संबंध नसलेल्या लेखनाला वेळ कोण देणार? कॅरल चॅन आणि यान व्हॅन आल्स्त यांनी मूल्यमापनच विद्यार्थ्यांच्या हाती दिले. आपल्या आणि सहाध्यायांच्या टिपणांतून उत्तम चर्चेचे पुरावे निवडायचे, निवडीची कारणे लिहायची आणि तो संग्रह गुणांसाठी सादर करायचा. परीक्षाकेंद्री व्यवस्थेला तिच्याच भाषेत दिलेले हे उत्तर या क्षेत्रातील सर्वांत मौलिक प्रयोगांपैकी एक मानावे लागेल.

तरीही सगळा फरक देशाच्या नावावर टाकता येत नाही. हाक्काराइनेन यांनी 1998 च्या प्रबंधात सीसिल वापरणारे कॅनडातीलच दोन वर्ग तुलनेसाठी घेतले. एका वर्गाचे लेखन ‘असे का होते’ याभोवती फिरत होते, तर दुसऱ्याचे तथ्ये गोळा करण्यात गुंतले होते. साधन एक, देश एक. शिक्षक प्रश्नांना कोणते वळण देतो, याला प्रस्तुत लेखकाच्या मते राष्ट्रीय संस्कृतीइतकेच वजन द्यायला हवे.

भारत : मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने (1972–2002) संगणकाविना, साध्या साहित्यावर शोधाध्ययन उभे केले. संगणकसाहाय्यित प्रयत्नांत मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने चाललेला ‘क्लिक्स’ प्रकल्प उल्लेखनीय आहे. तो राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगण येथील सरकारी शाळांत राबवला गेला.