एकाच कॅबिनेटमध्ये गेम आणि रेंडर

पडद्यावर सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्रासाठी संगणकाला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर पुरेपूर वापरायचा म्हटलं तर सातही नाहीत. तेवढ्यात दाबलेली कळ वाचायची, समोरचा गडी कुठे सरकला ते ठरवायचं, गोळी भिंतीला लागली की खांद्याला ते तपासायचं आणि फुल एचडीचे वीस लाखांवर ठिपके रंगवून मोकळं व्हायचं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रेंडरचं, म्हणजे रचलेल्या दृश्यातून अंतिम चित्र काढण्याचं, काम अगदी उलट प्रकृतीचं. दहा सेकंदांचं ॲनिमेशन म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने २४० फ्रेम. एका फ्रेमला तीन मिनिटं धरा, बारा तास झाले. तिथे एखादी फ्रेम चार सेकंद उशिरा निघाली तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण पहाटे चारला मशीन रीस्टार्ट झाली तर उरलेली रात्र फुकट जाते.

गेमला चपळाई लागते, रेंडरला दमसास. दोन्हींसाठी एकच संगणक जोडायचा, तर लाख-सव्वा लाखात दोन्ही पुरेपूर मिळत नाहीत. कुठे हात सैल सोडायचा आणि कुठे आखडता घ्यायचा, हे भागांची यादी करण्याआधीच ठरलेलं बरं.

प्रोसेसरपासून सुरुवात करू, कारण तिथे पैसे जास्त घातले जातात. गेममधली बरीच कामं एकापाठोपाठ एकच होऊ शकतात. कामातला साठ टक्के भाग वाटून करता येत असेल, तर उरलेल्या चाळीस टक्क्यांमुळे कितीही कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्र गणक) जोडले तरी वेग अडीच पटीच्या पुढे जात नाही. संगणक अभियंते जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हा हिशेब आजही दुकानातल्या ‘जास्त कोर, जास्त वेग’ला पुरून उरतो. गेमला सहा ते आठ वेगवान कोर पुरतात. त्यापुढे उपयोगी पडते ती कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी. प्रोसेसरच्या आतल्या एल-३ कॅशमधून माहिती साधारण १० नॅनोसेकंदांत हाती येते, रॅममधून आणायला ७०-८० लागतात. एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी फक्त आठ कोरचा असूनही गेममध्ये भाव खातो तो ९६ एमबी कॅशमुळे.

रेंडरमध्ये प्रत्येक ठिपक्याचे प्रकाशकिरण स्वतंत्र, म्हणून तिथे वाटणी जवळपास पूर्ण होते. पण हे काम ब्लेंडरच्या सायकल्ससारखं रेंडर इंजिन ग्राफिक्स कार्डवर करत असेल, तर प्रोसेसरकडे उरतं ते दृश्य तयार करणं, कापडाचं किंवा पाण्याचं सिम्युलेशन, फाइल लिहिणं. त्याला आठ कोरचा रायझन ७ ७७०० पुरतो. इंटिरियरचं काम थ्रीडीएस मॅक्स हे सॉफ्टवेअर आणि कोरोना हे रेंडर इंजिन वापरून करणाऱ्यांचं गणित मात्र निराळं. कोरोना प्रोसेसरवर चालतं, तेव्हा तिथे बारा कोरचा ७९०० घेऊन ग्राफिक्स कार्डात काटकसर करावी. म्हणून पहिला प्रश्न ‘बजेट किती’ हा नसून ‘रेंडर इंजिन कोणतं’ हा आहे.

आता ग्राफिक्स कार्ड. इथे जरा थांबू, कारण चूक झाली तर ती नंतर सुधारता येत नाही. कार्डावरची मेमरी वाढवता येत नाही, कार्डच बदलावं लागतं.

विटांच्या भिंतीचं एक ४के टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र, घ्या. ४०९६ गुणिले ४०९६, म्हणजे १ कोटी ६७ लाख ठिपके. प्रत्येकाला चार चॅनेल (लाल, हिरवा, निळा, पारदर्शकता), चॅनेलला एक बाइट: झाले ६४ एमबी. हार्ड डिस्कवर ती जेपीजी पाच-दहा एमबीची दिसते, पण रेंडर करताना ती उलगडून पूर्ण मेमरीत बसते. सोबत उंचसखलपणा दाखवणारा नॉर्मल मॅप, आणखी ६४. खडबडीतपणाचा काळा-पांढरा मॅप एकाच चॅनेलचा, म्हणून १६. एका भिंतीचे १४४ एमबी झाले. एका खोलीत असे चाळीस पृष्ठभाग सहज निघतात: फरशी, सोफा, पडदे, कुंड्या. बेरीज साडेपाच जीबीच्या पुढे. खिडकीबाहेरच्या आकाशासाठी ८के एचडीआर (उजेडाच्या सगळ्या पातळ्या साठवणारं चित्र) लावला की ८१९२ गुणिले ४०९६, ठिपक्याला १६ बाइट, म्हणजे अर्धा जीबी आणखी. खोलीची भूमिती, किरण शोधण्यासाठी बांधलेली तिची सूची आणि विंडोजचा स्वतःचा वाटा अजून धरलेलाच नाही. आठ जीबीचं कार्ड इथेच दम तोडतं.

तेच कार्ड फुल एचडीवर बहुतेक गेम व्यवस्थित चालवतं, म्हणून खरेदी करणारा फसतो. गेममध्ये टेक्स्चर दाबलेल्या स्वरूपातच कार्डावर राहतं. बीसी७ या दाबण्याच्या पद्धतीत ठिपक्यामागे एकच बाइट लागतो, तेच ६४ एमबी १६ वर येतात.

मेमरी भरली तर एनव्हिडियाच्या कार्डावर सायकल्स जास्तीची माहिती मुख्य रॅममध्ये ठेवतं. काम थांबत नाही, पण वाट अरुंद असते. आरटीएक्स ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वाहून नेते. हे कार्ड पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाच्या, आठच लेन वापरतं. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्यातून सेकंदाला जेमतेम १६ जीबी जातात. तीन मिनिटांची फ्रेम मग किती वेळ घेईल, ते दृश्यावर. आणि आठ-आठ जीबीची दोन कार्डं लावून १६ होत नाहीत. या वर्गातल्या कार्डांवर प्रत्येकाला पूर्ण दृश्य स्वतःच्याच मेमरीत लागतं.

म्हणून ५०६० टीआय १६ जीबी की ५०७० १२ जीबी, या नेहमीच्या पेचात गेमचा कौल ५०७० कडे जातो. त्यात ६१४४ कूडा कोर (एनव्हिडिया कार्डातले गणक) आहेत, ५०६० टीआयमध्ये ४६०८. मेमरीचा वेगही दीडपट. रेंडर ही रोजीरोटी असेल तर १६ जीबीचंच घ्यावं. थोडं हळू रेंडर परवडतं, न मावणारं दृश्य परवडत नाही. खोक्यावर नीट वाचा: ५०६० टीआय याच नावाने आठ जीबीचंही कार्ड विकलं जातं. एएमडीचं रेडिऑन ९०७० एक्सटी हे १६ जीबीचं आणि गेममध्ये दमदार कार्ड आहे, पण बऱ्याच रेंडर इंजिनांची मदार एनव्हिडियाच्याच कूडा या प्रणालीवर आहे, तेव्हा आपलं सॉफ्टवेअर आधी तपासावं. आणि आठ जीबीचं कार्ड घरात आधीच असेल, तर ब्लेंडरच्या सिम्प्लिफाय पॅनेलमध्ये टेक्स्चरची मर्यादा २०४८ करून पाहा. टेक्स्चरची मेमरी चौथ्या हिश्शावर येते, आणि लांबच्या वस्तूंत फरक सहसा दिसत नाही.

रॅम ३२ जीबी, आणि तीही १६ च्या दोन स्टिक. एकच स्टिक लावली तर ६००० मेगाट्रान्सफर वेगाच्या डीडीआर५ रॅमची क्षमता सेकंदाला ९६ जीबीवरून ४८ वर येते. ‘आत्ता दोन, पुढे आणखी दोन’ हा बेत एएम५ (या रायझनचं सॉकेट) बोर्डावर महागात पडतो: चार स्टिक लावल्या की रायझन ७००० साठी अधिकृत वेग ३६०० वर उतरतो. पुढे ६४ लागणार असतील तर सुरुवातीलाच ३२ च्या दोन घ्या. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीने रॅमचे भाव भडकलेत. पैसे वाचवायचेच तर सीएल३० ऐवजी सीएल३६ घ्यावी (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला घेते तेवढे ठोके). ६००० च्या वेगाला सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, सीएल३६ म्हणजे १२. एवढ्या फरकाने रेंडर काही अडत नाही.

मदरबोर्ड बी६५० किंवा बी८५०, व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागावर धातूचा हीटसिंक असलेला. एसएसडी पीसीआयईच्या चौथ्या पिढीची, टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी), १ टीबी. पाचव्या पिढीचे जास्तीचे पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवावेत.

एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, हा या मशीनचा सर्वांत दुर्लक्षित भाग. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेला तर लावूच नये. बेरीज करू: ५०६० टीआय कार्ड १८० वॉट, ७७०० जास्तीत जास्त ८८, बाकी सगळं मिळून ६५-७०. म्हणजे ३३५ च्या आसपास. ५५० वॉटचा चालतो, पण पुढच्या कार्डाचा विचार करून एटीएक्स ३ या नव्या मानकाचा ६५० वॉटचा घ्यावा. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरती सरासरीहून कितीतरी जास्त वीज ओढतं. जुन्या धाटणीच्या एसएमपीएसचं संरक्षण त्या झटक्याला शॉर्ट समजून सगळं बंद करतं. एटीएक्स ३ हे झटके धरूनच बनवलं आहे.

९० टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून सुमारे ३७० वॉट ओढले जातात. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असतो. मॉनिटर धरला की वीज जाताच तो शिट्टी मारून बसतो, आणि रेंडरही. हजार-अकराशे व्हीएचा, शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा. बारा तासांच्या रेंडरला साडेचार युनिट लागतात, तेही ग्राहकाच्या बिलात धरावेत.

उष्णतेचं गणित परदेशी व्हिडिओ पाहून करू नये. कूलर चिपला खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंश वर ठेवतो. २५ अंशांच्या खोलीत ७० दाखवणारी चिप नागपूरच्या मे महिन्यात, ३८ अंशांच्या खोलीत, ८३ वर जाईल. ७७०० ची मर्यादा ९५ आहे, त्यामुळे ती जळणार नाही, पण पंखे बोंब मारतील. याच चिपचा ७७००एक्स हा भाऊ १४२ वॉटपर्यंत खातो आणि वेग थोडाच जास्त देतो: वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात वाढते, वेग तसा वाढत नाही. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्यावं. काचेची बंद पाटी दिसायला छान, पण पंख्यांना हवा कुठून मिळणार?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, प्रत्येक भागाचा सीरियल नंबर छापलेलं जीएसटी बिल घ्यावं. वॉरंटी मागताना ते कामी येतं.

जोडताना कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहते, हा नेहमीचा घोळ. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसच्या सुट्या केबल कधीही वापरू नयेत. खाचेत बसतात, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्या केबलला जोडलेली हार्ड डिस्क क्षणात जाते. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. बोर्ड तेव्हा डीडीआर५ ची जुळणी करत असतो, बटण दाबून बंद करू नका. मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो (रॅमचा छापील वेग लागू करणारा पर्याय) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम मुकाट्याने ४८०० वर चालते. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात आहे ना, तेही बघा. ७७०० मध्ये छोटा ग्राफिक्स भाग असल्यामुळे बोर्डाच्या पोर्टातूनही चित्र येतं, आणि गेम रखडतोय म्हणून लोक कार्ड परत करायला निघतात.